एक तास चाळीस मिनिटं

शिकारीचे व्हिडिओ बनवणाऱ्यांवरचा माझा राग अजून उतरलेला नाही. प्रत्येक व्हिडिओत तेच. थंडी, कुजबुज, मग एकदाचं हरीण येतं, गोळी सुटते, पडदा काळा होतो आणि पुढच्या क्षणी माणूस हरणाशेजारी गुडघे टेकून हसत असतो. मधलं काय? मधलं सगळं कात्रीखाली गेलेलं. माझ्या पहिल्या शिकारीत हा मधला वेळ एक तास चाळीस मिनिटांचा होता आणि त्याची तयारी मी शून्य केली होती. नेमबाजीची तयारी मात्र तीन महिने.

आधीचं पटकन सांगून टाकतो. मी अमेरिकेत राहतो, हरीण म्हणजे इथलं पांढऱ्या शेपटीचं, व्हाइटटेल. शिकारीचा सुरक्षा वर्ग, परीक्षा, परवाना, मादीसाठीचा टॅग (मारलेल्या जनावरासाठी भरायची चिठ्ठी), यात काहीच अडलं नाही. तुम्ही इथे कामाच्या व्हिसावर असाल तर मात्र एक गोष्ट नीट वाचून घ्या. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला इथल्या संघीय कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येत नाही, आणि वैध शिकार परवाना हा त्यातल्या अपवादांपैकी एक आहे. म्हणजे आधी परवाना खिशात, मग बंदुकीला हात. मित्राची उसनी बंदूक असली तरी हेच. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपला.

पहिल्या दोन संध्याकाळी फुकट गेल्या. एकदा वारा माझ्या पाठीवरून थेट त्यांच्या वाटेवर जात होता. झाडीतून फक्त एक फुत्कार ऐकू आला आणि पांढरी शेपटी वर करून काहीतरी पळालं. दुसऱ्यांदा वारा बरोबर होता, पण मचाण उतारावर होतं. संध्याकाळी हवा गार झाली की ती पाण्यासारखी उताराने खाली सरकते आणि तुमचा वास घेऊन जाते. सकाळी ऊन चढलं की उलटं, हवा वर चढते. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्या संध्याकाळी दरीच्या तोंडाशी बसलोच नसतो.

मला शिकवणारे गृहस्थ आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, चाळीस हंगाम पाहिलेले. इथे त्यांना गुरुजी म्हणतो, कारण त्या रात्री ते तसेच बोलले. तिसऱ्या संध्याकाळी ते माझ्यापासून तीनेकशे यार्डांवर दुसऱ्या मचाणावर होते.

पावणेपाचला मादी आली. साठेक यार्डांवर, आडवी उभी. पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. तिने मागचे दोन्ही पाय उडवले, अंग खाली दाबलं आणि झुडपांत घुसली. दोन सेकंद फांद्यांचा आवाज, मग काहीच नाही.

इथून माझ्या चुका सुरू होतात.

मचाणावर बसल्या बसल्या मी मनाशी खूण केली: वाकडं झाड, त्याच्या उजवीकडे वाळकं गवत, ती तिथे उभी होती. झुडपांत शिरली ती जागा म्हणजे दोन पांढऱ्या खोडांच्या मधली फट. इतकं स्वच्छ दिसत होतं की विसरणं शक्यच नाही असं वाटलं. गुरुजींचा मेसेज आला, ‘लागली?’ मी लिहिलं, ‘वाटतंय.’ त्यांचं उत्तर, ‘अर्धा तास हलू नकोस.’

अर्धा तास का, हे मला वर्गात शिकवलेलं होतं, परीक्षेत त्याचा गुणही मिळाला होता. जखमी जनावराच्या मागे कोणी लागलं नाही तर ते थोड्या अंतरावर आडवं होतं आणि तिथेच संपतं. मागे पावलं वाजली तर त्याच जखमेसह मैलभर जातं. सगळं पाठ होतं. पण हात थरथरत होते, उजेड मिनिटामिनिटाला उतरत होता, आणि डोक्यात एकच, अंधार पडला तर ती मिळणार नाही. अकराव्या मिनिटाला मी बंदूक रिकामी केली, दोरीने खाली सोडली आणि उतरलो.

जमिनीवर पाय टेकले आणि वाकडं झाड नाहीसं झालं.

खरंच सांगतो, एकही झाड वाकडं नव्हतं. किंवा सगळीच होती. पंधरा फुटांवरून जे रान नकाशासारखं उलगडून दिसत होतं ते खाली छातीएवढ्या झुडपांची भिंत झालं होतं. पांढऱ्या खोडांच्या जोड्या मी चार मोजल्या. वाळकं गवत सगळीकडे. साठ यार्ड म्हणून चालत गेलो, पण उंचावरून मोजलेले साठ आणि झुडपं चुकवत चाललेले साठ यांचा मेळ बसत नाही. रक्त नाही, केस नाहीत, खुरांनी उकरलेली माती नाही. मग मी ते केलं जे कधीच करू नये: गोल गोल फिरायला लागलो. कुठे काही खूण असेलच तर ती माझ्याच बुटांखाली जात होती.

गुरुजी टॉर्च घेऊन आले तेव्हा मी बहुधा अपराध्यासारखा उभा होतो. त्यांनी घड्याळ पाहिलं. ‘अरे, अर्धा तास म्हणजे किती?’ मी गप्प. ‘आता एक पाऊल टाकू नकोस. आलास त्याच वाटेने परत जा आणि वर चढ.’

मला ते शिक्षा केल्यासारखं वाटलं. पट्टा पुन्हा अंगाला बांधून, शिडी चढून मी वर बसलो (पट्टा दर वेळी बांधायचा, दोन मिनिटांसाठी चढत असलात तरी, मचाणावरून पडणं हा या छंदातला नेहमीचा अपघात आहे). आणि वर बसल्यावर, अर्धवट अंधारातही, वाकडं झाड जागच्या जागी होतं. गुरुजी खाली टॉर्च धरून चालत होते आणि मी वरून सांगत होतो: डावीकडे, अजून, थोडं पुढे, थांबा. ते थांबले, वाकले आणि म्हणाले, ‘ये खाली.’

मी शोधत होतो त्या जागेपासून ती जागा वीस पावलंसुद्धा लांब नव्हती.

म्हणून कुणाला एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगेन: गोळी झाडल्यावर उतरण्याआधी फोनने फोटो काढा. एक हरीण उभं होतं त्या जागेचा, एक शेवटचं दिसलं त्या जागेचा. फोनमधल्या होकायंत्रावर दोन्ही दिशा पाहून आकडे लिहून ठेवा. बरोबर कोणी असेल तर एकाने वरच बसावं. आणि उतरून हरीण उभं होतं तिथे पोहोचलात की आधी एका फांदीला काहीतरी ठळक बांधा, मगच पुढचं पाऊल.

तिथे तपकिरी केसांचा झुपका होता आणि एका पानावर बोटाच्या नखाएवढं रक्त. गुरुजींनी ते पान टॉर्चखाली धरलं. गुलाबीसर, आणि त्यात बारीक बुडबुडे. ‘फुप्फुस,’ ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा मऊ झाला. रक्त गडद, काळपट असतं तर यकृत समजायचं आणि निदान तीन-चार तास थांबायचं. हिरवट घाण आणि दुर्गंधी असती तर गोळी पोटात गेलेली, मग आठ-दहा तास, म्हणजे बहुतेक वेळा सकाळच. मी अकराव्या मिनिटाला उतरलो तेव्हा यातलं काहीही मला माहीत नव्हतं. गोळी पोटात लागली असती तर त्या गोल गोल फिरण्यानेच मी तिला गमावलं असतं.

पहिल्या दहा-बारा पावलांत जवळजवळ काहीच नव्हतं. गोळी छातीच्या वरच्या भागातून गेली असेल तर रक्त आधी छातीच्या पोकळीत साठतं, बाहेर पडायला वेळ लागतो, असं गुरुजी म्हणाले. मग एक थेंब. त्यावर त्यांनी टॉयलेट पेपरचा एक चौकोन ठेवला. पुढे दुसरा थेंब, दुसरा चौकोन. तिसऱ्या थेंबानंतर मागे वळून पाहिलं तर पांढऱ्या ठिपक्यांची रांग ती कुठे वळली ते सांगत होती. थेंबाच्या बाजूने चालायचं, त्याच्यावरून नाही.

झुडपांपलीकडे मेपलची झाडं लागली, खाली लाल पानांचा सडा, आणि पावसाळ्यातल्या कुरणावर हिरवा टोळ शोधावा तशी आमची गत झाली. प्रत्येक पानावर तांबूस डाग, आणि त्यातला रक्ताचा एखादाच. इथे पाऊण तास गेला. गुरुजींच्या खिशातून हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी फवाऱ्याची बाटली निघाली. रक्तावर पडलं की फसफसून फेस येतो, पानाच्या डागावर येत नाही. घरातल्या औषधाच्या कपाटात असणारी ही वस्तू माझ्या साडेतीन पानी यादीत नव्हती. यादीत काय होतं तर महागडा बिनवासाचा साबण. तो लावून मी निळी जीन्स घालून गेलो होतो. हरणांना नारिंगी रंग धड दिसत नाही, म्हणून सुरक्षेचं नारिंगी जॅकेट चालतं. निळा मात्र त्यांना छान दिसतो. हे गुरुजींनी मला त्याच पानांच्या सड्यात, गुडघ्यांवर रांगताना सांगितलं.

दोनदा वाटलं, माग संपला. दोन्ही वेळा शेवटच्या चौकोनापाशी ते उभे राहिले आणि मी पुढे अर्धवर्तुळात, पाऊल पाऊल वाढवत, बघत गेलो. दुसऱ्या वेळी पानांवर नाही, गुडघ्याच्या उंचीवर एका खोडाला पुसटसं लागलेलं दिसलं. मी खालीच बघत होतो. ती चालताना झाडांना घासत गेली होती.

त्या खोडापासून आठ पावलांवर ती पडलेली होती. गोळी लागली तिथून सगळे मिळून नव्वद-शंभर पावलं.

मी धावणार होतो, गुरुजींनी कॉलर धरली. मागच्या बाजूने जायचं, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करायचा. उघडा, निश्चल डोळा म्हणजे संपलं. मिटलेला असेल तर अजून जीव आहे. डोळा उघडा होता. सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

तेव्हा काय वाटलं ते विचारतात लोक. आधी सुटका वाटली, मग तिच्या कानाच्या मागचे केस किती मऊ आहेत हे जाणवलं, आणि मग टॅग भरायचा म्हणून पेन काढलं तर ते थंडीने चालेना. जनावर जागचं हलवायच्या आधी टॅग भरायचा हा आमच्या राज्याचा नियम. गुरुजींनी शिसपेन्सिल दिली. शिसपेन्सिल न्या.

पोट चिरणं, आतडी न फोडता बाहेर काढणं हे त्यांनी दाखवलं आणि मी केलं, पाऊण तासात उरकलं. त्याचे व्हिडिओ चांगले आहेत, तेच पाहा. मांस लवकर थंड व्हावं, चार अंश सेल्सिअसच्या खाली, एवढं लक्षात ठेवा. तुमच्या भागात हरणांमधला क्रॉनिक वेस्टिंग हा रोग असेल तर वन्यजीव खात्याकडे नमुना द्या आणि निकाल येईपर्यंत खाऊ नका. आणि माग शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे जाणार असेल तर आधी त्याला फोन करा. आमच्यावर ती वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागदाचे चौकोन गोळा करायला मी एकटाच गेलो. सव्वीस निघाले. सत्तावीस ठेवल्याचं मला पक्कं आठवत होतं, म्हणून मचाणावर चढून पाहिलं. सत्ताविसावा वाकड्या झाडाच्या उजवीकडे, वाळक्या गवतात होता. फोटो काढला, मगच उतरलो.