आतल्या रेषेचा हिशेब

गुरुवार, रात्र

साताऱ्याच्या शर्यतीहून परत येताना एसटीत मी पळायला शिकवते ती शाळेतली मुलगी खिडकीला डोकं टेकून बसली होती. रडली नाही. पुसेगाव मागे पडल्यावर एकदाच बोलली, "मॅडम, माझ्यात दम होता. वाटच नव्हती."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

सतरा वर्षांखालच्या मुलींची 3000 मीटर, म्हणजे साडेसात फेऱ्या. पुढे पळून वारा अंगावर घेऊ नकोस, तिसऱ्या नंबरला राहा आणि आतली रेषा सोडू नकोस, हे मीच सांगितलं होतं. फळ्यावर गणितही मांडलं होतं. पट्टा 1.22 मीटर रुंद. दुसऱ्या पट्ट्यातून अख्खी फेरी मारली की साडेसात मीटरच्या वर जास्तीचं पळणं. शर्यतभर तसं पळालं तर सत्तावन्न मीटर फुकट. पोरीने ते तंतोतंत पाळलं, आणि मला तेच लागतंय.

सहा फेऱ्या ठरवल्यासारख्या गेल्या. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा ती तिसरीच होती, श्वास एकसारखा, खांदे सैल. पण पुढची मुलगी वेग वाढवेना आणि दुसरी हिच्या उजव्या खांद्याला चिकटून पळत होती. डावीकडे फक्कीची रेषा. तिच्या आतून पुढे गेलं तर बाद. मी कठड्याशी उभी होते, मला तिची पावलं आखडताना दिसली. मोकळी टांग टाकणारी पोर, टाच मारली जाईल म्हणून पुढचीच्या पायांकडे बघत बिचकत पळत होती. दोनदा मान वळवून उजवीकडे पाहिलं. तेवढ्यात मागून एक उंच मुलगी बाहेरून आली आणि निघून गेली. हिला वाट मिळाली तेव्हा ऐंशी-एक मीटर उरले असतील. त्यात तिने एकीला गाठलं. तिसरी आली.

एका वळणावर बाहेरून जायला चार मीटरही जास्त लागत नाहीत. ते चार मीटर खर्चायचे असतात, हे मी शिकवलंच नव्हतं. आमच्या मैदानावर तिच्या बरोबरीने पळणारी मुलगी नाही. रोज एकटी पळते, समोर माणूसच नसतो, मग गर्दीतून सुटायचं कसं हे तिला कळणार कुठून?

धावपटू अविनाश साबळेची बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतली स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची 3000 मीटर शर्यत, आम्ही शाळेत सगळ्यांनी मिळून पाहिली होती. 2022 चं रौप्य, 8:11.20, सोन्यापासून पाच शतांश सेकंद दूर. 1998 पासून राष्ट्रकुलमधली या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता, म्हणून मी मुलांना जिद्दीबद्दलच बोलत राहिले. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तोच माणूस सुरुवातीपासून एकटा पुढे पळाला आणि 8:19.50 मध्ये सुवर्ण घेऊन आला. एकीकडे तोडीच्या माणसांत राहून पळणं, दुसरीकडे कुणाची वाट न बघणं. दोन्ही यायला लागतं. बीडच्या मांडव्याचा तो पोरगा हे करतो, तर माणच्या पोरींनाही शिकवता येईलच.

शनिवार, सकाळ

सहा वाजता नववीच्या तीन मुलांना बोलावलं. एक तिच्या पुढे, एक शेजारी, एक मागे. सांगितलं, तिला सोडायचं नाही.

पहिल्या दोन वेळा ती धक्का देऊन निघाली. तसं चालणार नाही म्हटलं. मग तिला अर्धं पाऊल मागे यायला लावलं. शेजारचा आपोआप पुढे सरकतो, त्याच्या पाठीमागून उजवीकडे निसटायचं. वेग थोडा सोडायचा, हेच तिच्या जिवावर येत होतं. "मॅडम, मागे आले तर गेलीच की शर्यत!"

"अर्धं पाऊलच. करून बघ."

पाचव्या वेळी जमलं. मागे आली, बाहेर सरकली आणि वळण संपायच्या आत तिघांच्या पुढे. थांबली नाही, तशीच पुढची अख्खी फेरी एकटी मारून आली. मुलं गुडघ्यांवर हात ठेवून बघत होती. माझ्यापाशी येऊन, घाम न पुसताच म्हणाली, "आता चार जण लावा."