बाटली न देता द्यायची भेट : आमची वाटचाल

नमस्कार मंडळी. मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेलं प्रत्येक माणूस मला एकच विचारतं, की न्यू जर्सीत राहणारी मराठी बाई अमेरिकेच्या दारूबंदीच्या काळातल्या गोळ्या-चॉकलेटं अन् सोड्याच्या बाटल्या भरलेल्या बास्केट विकायला कशी काय लागली. म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

सुरुवात २०१६ च्या डिसेंबरात झाली. आमच्या शेजारी एक गोरे आजोबा राहायचे, ऐंशीच्या पुढचे, एकटेच. त्यांनी दारू सोडून तीस वर्षं होऊन गेली होती अन् ते हे कुणालाही सरळ सांगायचे. नाताळच्या आठवड्यात दाराची बेल वाजली, बघते तर आजोबा कागदी पिशवीत वाइनच्या तीन बाटल्या घेऊन उभे. म्हणाले, लोकं प्रेमाने देतात, मला घरात ठेवायच्या नाहीत, तुम्ही घ्या. आमच्याकडे पण कोणी घेत नाही. तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पिशवी तशीच छातीशी धरलेली, बाहेर बर्फ भुरभुरत होता. त्यांना आत बोलावलं, आल्याचा चहा केला, अन् त्या दिवशी ते दोन तास बोलत बसले. त्यांची आई तरुणपणी पॅटरसनला एका पाच-दहा सेंटवाल्या दुकानात गोळ्यांच्या काउंटरवर कामाला होती, ते दिवस दारूबंदीचे. आई सांगायची म्हणे, की संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं, जी आधी सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, जायची, ती यायची अन् पाच सेंटचा चॉकलेट बार घेऊन तिथेच उभ्याने खायची.

ते माझ्या डोक्यातून जाईना. इथे कोणाकडे जेवायला जायचं तर बाटली, कोणाचं नवीन घर झालं तर बाटली, ऑफिसात कोणी रिटायर झालं तरी बाटलीच. अन् ज्याला चालत नाही त्याला? कोणाची औषधं चालू असतात, कोणाला दिवस गेलेले असतात, कोणाच्या धर्मात बसत नाही, अन् कोणी आमच्या आजोबांसारखी मोठ्या कष्टाने सोडलेली असते. अशा माणसाला मेणबत्ती मिळते नाहीतर आजारी माणसाला नेतात तशी फळांची टोपली. बाटलीला जो मान आहे, ती हातात घेऊन बघायची, लेबल वाचायचं, कुठली किती सालची ते सांगायचं, तो मान असलेली दुसरी भेट मला कुठे दिसेना. मग वाटलं, जवळजवळ चौदा वर्षं हा अख्खा देश कायद्याने बिनबाटलीचा होता ना, १७ जानेवारी १९२० ते ५ डिसेंबर १९३३, त्या काळात लोकांनी एकमेकांना काय दिलं असेल, काय खाल्लं-प्यायलं असेल? तिथून शोधायला लागले.

मी तेव्हा एका डेंटिस्टकडे हिशेब बघायचे. संध्याकाळी लायब्ररी. अन् जे जे सापडत गेलं त्याने मी हरखूनच जायचे. बिअरचे कारखाने जगायला काय काय करत होते बघा, पेनसिल्व्हेनियाच्या युएंग्लिंगने आइस्क्रीमची डेअरी काढली, अनहायझर-बुशने आइस्क्रीम, यीस्ट अन् बेव्हो नावाचं बिनदारूचं पेय, कूर्सने माल्टेड मिल्क, मिलवॉकीच्या श्लिट्झवाल्यांनी तर चॉकलेटच्या धंद्यात उडी घेतली. अन् आज आपली पोरं जी चॉकलेटं हट्ट करून मागतात त्यातली कितीतरी त्याच काळातली, बेबी रूथ १९२१, मिल्की वे १९२३, बिट-ओ-हनी १९२४, रीसेसचे पीनट बटर कप १९२८, स्निकर्स १९३०. बेबी रूथवाल्याने तर १९२३ मध्ये पिट्सबर्गवर विमानातून छोट्या पॅराशूटला बांधून चॉकलेटं सोडली होती! आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट डबल बबल ह्या फुग्याच्या गमची. १९२८, फिलाडेल्फिया, फ्लीअर कंपनीतला वॉल्टर डीमर नावाचा २३ वर्षांचा मुलगा, काम हिशेबाचं, पण फावल्या वेळात गमचे प्रयोग करायचा, त्याला जमलं तेव्हा हाताशी रंग एकच होता, गुलाबी, म्हणून बबलगम आजतागायत गुलाबी. मी पण हिशेबवालीच. प्रत्येक बास्केटमध्ये मी तो गम स्वतःच्या हाताने ठेवते, ते काम दुसऱ्या कोणाला देत नाही.

पहिली बास्केट अर्थातच आजोबांची. आईने माझ्या लग्नात रुखवत मांडलं होतं ना, तसंच सगळं समोर मांडून बसले, उंच वस्तू मागे, छोट्या पुढे, रंग एकमेकांना मारणार नाहीत असे. बास्केट म्हणतो खरं, पण आहे तो लाकडी खोका, जुन्या मालाच्या पेट्यांसारखा, खाली लाकडाच्या बारीक कुरळ्या ढलप्या. मधोमध बर्च बिअरची बाटली, बॉयलनची, कारण ही कंपनी १८९१ ला पॅटरसनलाच सुरू झाली, म्हणजे आजोबांच्या आईच्या गावची. नावात बिअर आहे पण त्यात दारूचा थेंब नाही, बर्चच्या झाडाच्या सालीचा वास असतो. आजोबांनी ती बाटली खिडकीतल्या उजेडात धरली, लाल दिसते ती, अन् बराच वेळ लेबल वाचत राहिले. मला जे हवं होतं ते तेच.

त्यांनी त्यांच्या ग्रुपमध्ये सांगितलं, दारू सोडलेल्यांच्या ज्या मीटिंग भरतात तिथे, अन् जानेवारीत मला चौदा ऑर्डरी आल्या. कोणाला एक वर्ष पूर्ण झालं, कोणाला दहा. धंदा हा असा उभा राहिला, आणि आजही आमच्या ऑर्डरींमध्ये सगळ्यात जास्त जीव लावून पॅक होतात त्या ह्याच.

आता सोड्याबद्दल थोडं, कारण चॉकलेटं सगळ्यांना माहिती असतात पण सोड्यावर आमची खरी मेहनत आहे. मेन राज्याचा मॉक्सी ठेवतो, हे १८८४ चं पेय, मूळचं मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलचं, कडवट लागतं, आपल्याला काढ्याची सवय असते म्हणून आपल्या लोकांना ते आवडतं हा माझा अनुभव. डेट्रॉइटचं व्हर्नर्स जिंजर एल, म्हणजे आल्याचा सोडा, झणझणीत, नाकात जातं. नॉर्थ कॅरोलायनाचं चीअरवाइन, १९१७ चं, चेरीच्या चवीचं, ज्याच्या नावामुळे एकदा एका काकूंनी रात्री दहाला फोन करून विचारलं होतं की अगं ह्यात वाइन आहे का, देवापुढे ठेवलंय मी. नाही हो काकू, रंग वाइनसारखा एवढंच. तेव्हापासून प्रत्येक खोक्यात एक कार्ड जातं ज्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की यात कशातही दारू नाही, अगदी रूट बिअर नावाच्या सोड्यात पण नाही. अन् हा घोळ आपल्याच लोकांचा होतो असं नाही बरं का. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्सने १८७६ च्या मोठ्या प्रदर्शनात रूट बिअर लोकांपुढे आणली, तो स्वतः दारूच्या विरोधातला माणूस, आणि तरीही १८९५ मध्ये दारूबंदीवाल्या बायकांच्या संघटनेने नावात बिअर आहे म्हणून त्याच्यावर बहिष्कार घातला होता. त्या बायकांचा मला राग येत नाही. घरं उद्ध्वस्त होताना बघितलेली होती त्यांनी. रूट बिअरचा पहिला घोट मुरगळल्यावर लावायच्या मलमाची आठवण करून देतो हे मात्र खरं, पण त्यात व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा टाकून प्या, मग बोला.

सेव्हन-अप पण त्याच दिवसांतलं, ऑक्टोबर १९२९, शेअर बाजार कोसळायच्या दोनच आठवडे आधी सेंट लुइसमध्ये बाजारात आलं. वाईट दिवसात सुरू झालेला धंदा पण टिकतो हे मी २०२० मध्ये स्वतःला रोज सांगायचे, त्याबद्दल पुढे.

ह्या सगळ्याशी आपला संबंध काय म्हणाल तर माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, गिरगावातले. मुंबईने पण दारूबंदी बघितलीय, १९४९ चा कायदा, मोरारजीभाईंचा काळ, परमिट काढायचं, हातभट्टीच्या धाडी, अन् गल्लीबोळातले आंटीचे अड्डे. आजोबा प्यायचे नाहीत पण त्यांचा धाकटा भाऊ त्यातच गेला, त्यामुळे घरी हा विषय हळू आवाजातच निघायचा. आम्हाला मुलांना मात्र आजोबा रविवारी इराण्याकडे रासबेरी सोडा पाजायचे अन् येताना लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. इथल्या त्या लपूनछपून चालणाऱ्या गुत्त्यांना स्पीकईझी म्हणायचे, म्हणजे बोला पण हळू. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यासमोर आमचं गिरगावातलं घरच आलं.

त्यावरून आमच्या खोक्याचा खालचा कप्पा सुचला. दारू पळवणारे गाडीत, पेटीत खोटा तळ करायचे, तसा आम्ही खोक्याला खोटा तळ केला. वरचा माल काढला की एक फळी, फळीला चार आकड्यांचं छोटं कुलूप, अन् आकडा फक्त पाठवणाऱ्याला माहिती. घेणाऱ्याने फोन करायचा, हळू आवाजात परवलीचा शब्द म्हणायचा, मग आकडा मिळतो, १९३३. आत अटलांटिक सिटीची सॉल्ट वॉटर टॅफी, म्हणजे चिवट गोळ्या, असते, मेणकागदात पिळून गुंडाळलेली. आमच्या शेजारच्या आजोबांनी कुलूप लावताना मला शंभरदा विचारलं होतं की उघडेल ना नक्की, म्हाताऱ्या बोटांना जमेल ना, म्हणून आकड्यांची चाकं मोठी घेतली, महाग पडली तरी.

ह्या निमित्ताने दोघंजण फोनवर बोलतात. धंद्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग हा.

त्रास काय कमी झाला नाही. पहिल्याच हिवाळ्यात मिनेसोटाला पाठवलेल्या अकरा खोक्यांमधल्या काचेच्या बाटल्या वाटेत गोठून फुटल्या, सोडा झिरपून चॉकलेटांची कव्हरं भिजली, अकराच्या अकरा परत करून द्यावे लागले, त्या वर्षीचा नफा तिथेच संपला. अन् पुढच्या जुलैत उलटं, टेक्ससला चॉकलेटं वितळून एकमेकांना चिकटून एक लादी झाली. तेव्हापासून नियम केला, थंडीत बर्फाच्या राज्यांत काच जात नाही अन् मे ते सप्टेंबर कुठेही चॉकलेट जात नाही, उन्हाळ्यात टॅफी, मेरी जेन नावाच्या पीनट बटरच्या चिवट गोळ्या अन् कडक गोळ्या. दोन्ही सुखरूप एकत्र जातील असे महिने वर्षात मोजून तीन-चार. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगते, काही जण दुसरीकडे जातात, जाऊ देत.

दुसरी अडचण अशी की जुना माल एका दिवसात नाहीसा होतो. १८४७ पासून चालत आलेल्या नेको वेफर, त्या नाण्यांएवढ्या चकत्या, हलक्या रंगांच्या, तोंडात खडूसारख्या विरघळणाऱ्या, त्यांचा कारखाना २०१८ च्या जुलैत बंद पडला अन् लोकांनी खोकीच्या खोकी साठवून ठेवली. वेफर २०२० मध्ये दुसऱ्या कंपनीकडून परत आल्या, त्याच कारखान्यातला क्लार्क बार हा चॉकलेट बार पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाच्या बॉयरने घेतला, मेरी जेन टेक्ससच्या अ‍ॅटकिन्सनने. छोट्या-मोठ्या घरगुती कंपन्यांनी ह्या गोळ्या उचलून जगवल्या, म्हणून माझ्यासारखीचं दुकान चालतंय, हे मी कधी विसरणार नाही.

लोक मागतात पण मी देत नाही अशा दोन गोष्टी. एक, खोटी बंदूक अन् त्या काळातला शिकागोचा गुंड अल कपोन, त्याचे फोटो. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोत सात माणसं भिंतीला लावून मारली गेली, त्या दिवसाची थीम करून व्हॅलेंटाइनची बास्केट हवी म्हणून दरवर्षी कोणीतरी विचारतंच. ऑर्डर कितीही मोठी असो, नाही म्हणजे नाही. दुसरं म्हणजे सिगारेटच्या आकाराच्या गोळ्या. त्या काळात होत्या हे खरं आहे, मुलांना मी त्या देणार नाही.

जानेवारी २०२० ला दारूबंदीला शंभर वर्षं झाली, तेव्हा इतकी कामं आली की डेंटिस्टकडची नोकरी सोडली, गॅरेजमधून भाड्याच्या गाळ्यात आले, अन् मार्चमध्ये सगळे कार्यक्रम रद्द. गाळ्याचं भाडं डोक्यावर, माल पडलेला. एप्रिलच्या शेवटी फोन सुरू झाले, त्याच मीटिंगवाल्या मंडळींचे. मीटिंगा बंद, माणसं घरात एकटी, त्यांना एकमेकांना काहीतरी पाठवायचं होतं. छोटे खोके केले, दोन बाटल्या, सहा प्रकारच्या गोळ्या, अन् कुलूप तेवढं ठेवलंच, कारण त्या दिवसांत फोन करायला निमित्त हवं होतं. आमचे शेजारचे आजोबा त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले. त्यांच्या मुलीने त्यांचा पहिला खोका मला आणून दिला, आत त्यांनी बर्च बिअरची रिकामी बाटली धुऊन ठेवली होती. ती आता पॅकिंगच्या टेबलावर असते, मी तिच्यात पेनं ठेवते.

आता आम्ही चौघी आहोत, दोघी मराठी, एक तेलुगू अन् एक पोलिश आजी जिच्यासारखी गाठ कोणाला मारता येत नाही. आईच्या हातची आल्याची वडी बास्केटमध्ये घालायची फार इच्छा होती पण घरी केलेलं विकायला न्यू जर्सीत २०२१ पर्यंत परवानगीच नव्हती. आता परवाना आहे, जवळपासच्या गिऱ्हाइकांना स्वतः नेऊन देते, अन् जिंजर एलबरोबर ती वडी काय लागते ते खाऊनच बघा.

यंदा ५ डिसेंबरच्या, म्हणजे दारूबंदी उठल्याच्या दिवसाच्या, ऑर्डरी १० नोव्हेंबरपर्यंतच घेतोय, बर्फाच्या राज्यांसाठी तर ऑक्टोबर अखेर. चीअरवाइनचा माल कमी येतोय, हवं असेल त्यांनी आधी सांगा. आणि कोणासाठी पाठवताय ते दोन ओळीत लिहा, एक वर्ष झालंय, दहा झालीत, की नुसतं नवीन घर आहे, कार्ड मी हातानेच लिहिते.