शेवटची लोकल गेल्यावर: आमच्या लघुपटाचं चित्रीकरण

पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प म्हणून दहा मिनिटांचा लघुपट करायचा होता. गोष्ट मी लिहिली. दादरच्या एका पोळी-भाजी केंद्रात वर्षानुवर्षं शेजारी बसून पोळ्या लाटणाऱ्या दोघी, आणि त्यातली एक उद्यापासून येणार नाही. हे दुसरीला सांगायचं कसं, एवढीच गोष्ट. घडत काहीच नाही, म्हणून सगळी भिस्त लाटण्याच्या आवाजावर, अर्धवट राहिलेल्या वाक्यांवर, मध्येच थांबलेल्या हातावर. त्यामुळे संवाद नंतर डब करायचे नाहीत, जागेवरच रेकॉर्ड करायचे, हे मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. डबिंगमध्ये शब्द परत मिळतात, पण कणकेच्या गोळ्यावर जोर देताना आवाजात येणारी धाप परत मिळत नाही.

पण दादरमध्ये जागेवर आवाज घ्यायचा म्हणजे सोपं काम नाही. दिवसा गिऱ्हाईक, हॉर्न, भाजीवाले आणि थोड्या थोड्या वेळाने जाणारी लोकल. ज्या काकूंचं केंद्र होतं त्यांनीच वाट काढली. "रात्री कर की गं, दहाला आम्ही आवरतो. सहाला मात्र मला ओटा मोकळा पाहिजे, सकाळच्या पोळ्या असतात."

शेवटची लोकल गेली की पहाटे चारच्या सुमाराला पहिली सुटेपर्यंत रूळ शांत असतात. संवाद तेवढ्या वेळात, बाकीचे शॉट त्याआधी, असं वेळापत्रक केलं. आमच्या सरांना दाखवलं तर ते खूश झाले. भारतातला पहिला बोलपट, १९३१ सालचा 'आलम आरा', असाच झाला होता म्हणाले. अर्देशीर इराणींचा स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ होता, म्हणून बरंचसं चित्रीकरण रात्री एक ते चारच्या दरम्यान, नटांच्या आसपास माइक लपवून केलं गेलं. मला हे ऐकून फार बरं वाटलं. आपल्या शहराने पहिल्या बोलपटालाही हीच अट घातली होती.

आवाजाचं काम बघणारा मित्र हेडफोन लावून आधी एकटाच केंद्रात उभा राहिला आणि एकेक गोष्ट बंद करायला लावली. एक्झॉस्ट, पंखा, मग फ्रिज. फ्रिज बंद केला की त्यातच गाडीची किल्ली ठेवायची. किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, म्हणून फ्रिज परत चालू करायचं विसरत नाही. हे सगळ्या ध्वनीवाल्यांना माहीत असतं, पण काकूंचं विरजण आणि नारळाचं वाटण आत होतं, म्हणून मी ते मनापासून पाळलं. शेवटी जुन्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत होता, ती काढून एलईडी लावला. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की दिवे लुकलुकत नाहीत. पंखा बंद आणि शेगडी चालू, मे महिना. कोणी कुरकुर केली नाही, हे मला इथे लिहायलाच हवं.

वाफेने बराच वेळ खाल्ला. डोळ्यांना दिसणारी वाफ कॅमेऱ्याला समोरच्या उजेडात दिसतच नव्हती. दिवा तव्याच्या मागे नेला आणि भिंतीला गडद कापड लावलं, तेव्हा ती उठून दिसली. त्याहून कठीण पोळ्यांची थप्पी. संवाद चालू असताना थप्पी वाढत जाते, त्यामुळे प्रत्येक टेकच्या सुरुवातीला ती तेवढीच हवी. कंटिन्युइटी बघणारी मैत्रीण टेकागणिक फोटो काढायची आणि पोळ्या मोजून ठेवायची. 'आई गं' या शब्दाला सातवी पोळी खाली आलीच पाहिजे, नाहीतर एडिटला दोन शॉट जुळणार नाहीत. त्या दोन दिवसांत सगळ्या युनिटचं जेवण म्हणजे जास्तीच्या पोळ्या आणि लोणचं.

दोघी अभिनेत्री एकांकिका स्पर्धांत गाजलेल्या. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय, आणि इथे माइक डोक्यावर हातभर अंतरावर. "हळू बोला" असं सांगितलं की वाक्यच मेल्यासारखं व्हायचं. मग मी सांगणं सोडलं आणि त्यांना खरोखरच पोळ्या लाटायला लावल्या. हात कामात गुंतल्यावर आवाज आपसूक खाली आला. नव्या दिग्दर्शकांना मी हेच सांगेन: नटाला सूचना देण्याआधी हाताला काम द्या.

प्रत्येक मांडणीनंतर सगळे जागच्या जागी उभे राहून मिनिटभर रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचो. एडिटला दोन टेक जोडताना मधली फट त्याच आवाजाने भरावी लागते, नाहीतर कट कानाला कळतो.

लोकल मात्र गोष्टीत हवीच होती. दादरची गोष्ट लोकलशिवाय होत नाही. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरण करायचं तर परवानगी आणि शुल्क, ते आमच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून लोकल दाखवलीच नाही, फक्त ऐकवली. एका मैत्रिणीच्या गॅलरीतून रेकॉर्ड केलेला खडखडाट मी, जिथे ती "उद्यापासून..." म्हणते, बरोबर तिथे आणून ठेवला. दुसरीला वाक्य पूर्ण ऐकू येत नाही, ती परत विचारते, आणि तोवर सांगणारीचा धीर सुटलेला असतो. हे पटकथेत नव्हतं, एडिटच्या टेबलावर सुचलं. लघुपटातली ही जागा मला सगळ्यात आवडते.

जमा करण्याआधी काकूंना लॅपटॉपवर दाखवला. त्या शेवटपर्यंत गप्प बसून बघत होत्या. मग म्हणाल्या, "छान झालंय. पण त्या मधल्या पोळीला उलटायला फार वेळ लावलाय तिने, एवढ्यात कडक झाली असती." त्याच संध्याकाळी तो शॉट दोन सेकंदांनी कापला आणि मग फाइल कॉलेजात दिली.