मशीन सेपेशिया सांगत होतं

पावसाळ्यात ठाण्याच्या आमच्या लॅबमध्ये तापाचे नमुने येतात ते बहुतेक डेंग्यू, मलेरिया, लेप्टोच्या संशयाने. भातलावणीत मुरबाडकडचा एक शेतकरी दाखल झाला. जुना मधुमेह, न उतरणारा ताप, सोनोग्राफीत प्लीहेत बारीक बारीक गळवं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक चालू होतं, फरक पडत नव्हता.

ब्लड कल्चरची बाटली (तिच्यात रक्तातले जिवाणू वाढवून बघतात) पॉझिटिव्ह आली. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, बारीक गुलाबी दांड्या, दोन्ही टोकं गडद, मधला भाग फिका. अशा दांड्या इतर जिवाणूंतही दिसतात, म्हणून एवढ्यावरून नाव द्यायचं नसतं. ऑक्सिडेज ही एन्झाइमची चाचणीही पॉझिटिव्ह.

जिवाणू ओळखणारं मशीन बघून टेक्निशियन म्हणाली, "मॅडम, मशीन बर्कहोल्डेरिया सेपेशिया दाखवतंय. रिपोर्ट सोडू?"

"थांब. आधी तीन डिस्क लाव."

डिस्क म्हणजे अँटिबायोटिक भरलेल्या कागदाच्या चकत्या: जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅम, कोलिस्टिन १०, अमॉक्सिक्लॅव ३०. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन डिस्कला खेटून वाढ होती आणि तिसरीभोवती स्वच्छ, रुंद वर्तुळ, म्हणजे तिथे जिवाणू वाढलाच नव्हता. सेपेशिया सहसा अमॉक्सिक्लॅवला दाद देत नाही. नेहमीचा स्यूडोमोनास एरुजिनोसा असता तर कोलिस्टिनने मेला असता. उरला बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय, म्हणजे आजार मेलिऑइडोसिस. १९१२ साली रंगूनहून व्हिटमोर आणि कृष्णस्वामींनी वर्णन केलेला हा मातीतला, चिखलपाण्यातला जिवाणू. मशीनच्या डेटाबेसमध्ये तो नीट नसेल तर मशीन जवळच्या भावंडाचं नाव सांगतं.

त्या क्षणापासून सगळ्या प्लेट टेप लावून क्लास २ कॅबिनेटमध्ये, म्हणजे जंतू बाहेर पसरू न देणाऱ्या सुरक्षा कपाटात, गेल्या. या कॉलनींना (प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांना) मातीचा वास येतो, पण प्लेट हुंगायची जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते. उघड्या टेबलावर कोणी काय हाताळलं याची यादी केली. ज्यांना धोका जास्त, त्यांना अशा वेळी प्रतिबंधासाठी २१ दिवस को-ट्रायमॉक्सॅझोल या अँटिबायोटिकच्या गोळ्या देतात. ४८ तासांनी ब्लड अगारवरच्या (रक्त घातलेल्या पोषक जेलीवरच्या) गुळगुळीत कॉलनी कोरड्या, सुरकुतलेल्या झाल्या. २४ तासांतच प्लेट फेकणाऱ्या लॅबला हे कधी दिसतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पक्क्या नावाची वाट न बघता वॉर्डला फोन केला: "डॉक्टर, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनवर राहू नका. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम सुरू करा." कल्चर तिहेरी पॅकिंगमध्ये रेफरन्स लॅबला गेलं, तिथल्या पीसीआरमध्ये (जनुक शोधणाऱ्या चाचणीत) या जिवाणूची ओळख पटवणारा टीटीएस१ जनुक सापडला.

एमएस्सी मायक्रोची मुलं आली की पीसीआर शिकायला सगळी उत्सुक असतात. मी त्यांना आधी या तीन डिस्क वाचायला बसवते, कारण तालुक्याच्या लॅबमध्ये त्याच हाताशी असतील. शिवाय या आजारात कल्चरमध्ये जिवाणू साधारण ६० टक्के रुग्णांतच सापडतो. संशय दाट असेल तर एका निगेटिव्हवर थांबायचं नाही. रक्त, लघवी, घशाचा स्वॅब, गळवातला पू पुन्हा मागवायचा.

रिपोर्टखाली शेरा लिहिला: शिरेतून औषध किमान १० ते १४ दिवस, नंतर को-ट्रायमॉक्सॅझोल किमान ३ महिने, ताप उतरला म्हणून गोळ्या थांबवल्यास आजार उलटतो.