डिसेंबर पुण्यात, जानेवारी बर्फात

सॉल्ट लेक सिटीत आल्यावर पहिली पाच वर्षे मी रिसॉर्टमध्येच, लिफ्टने वर जाऊन स्कीइंग केले. पुढे वासाच डोंगररांगेत स्कीच्या तळाला स्किन्स, म्हणजे चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या, चिकटवून स्वतःच्या पायांनी चढायचे आणि कोणी न तुडवलेल्या बर्फावरून उतरायचे, याची ओढ लागली. पत्नीने अडवले नाही. मात्र हिमस्खलनाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय जायचे नाही आणि परतण्याची वेळ घरी लिहून ठेवायची, अशा दोन अटी तिने घातल्या. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि दोन्ही अटी मला रास्तच वाटल्या.

अभ्यासक्रम तीन दिवसांचा होता. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला, तर वाचण्याची शक्यता मोठी असते, पुढे ती झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात मदतपथक पोहोचत नाही, म्हणून शोधायचे आणि खणायचे काम सोबत्यांनाच करावे लागते. ट्रान्सीव्हर, म्हणजे रेडिओ संकेत पाठवणारे आणि बाणाने त्याची दिशा दाखवणारे छोटे यंत्र, घालून पुरलेली पिशवी शोधायला मला पहिल्या दिवशी अकरा मिनिटे लागली, तिसऱ्या दिवशी चार.

मनावर ठसला तो दुसरा दिवस. बर्फाचे थर कितपत घट्ट आहेत ते तपासायला खड्डा खणून 30 सेंटिमीटर रुंदीचा बर्फाचा खांब मोकळा केला आणि त्यावर फावड्याचे पाते ठेवून मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा अशा थापा मारायच्या होत्या. चौदाव्या थापेला वरचा थर पाटीसारखा सरळ सरकून माझ्या मांडीवर आला. खालचा बर्फ मुठीत घेतला, तर साखरेसारखे सुटे दाणे. त्यांचा लाडू काही वळेना. हंगामाच्या सुरुवातीचा पातळ बर्फ निरभ्र, थंड रात्री तसाच पडून राहिला, की जमिनीची ऊब आणि पृष्ठभागाची थंडी यांतील फरकामुळे असे दाणे तयार होतात आणि जानेवारीतल्या मोठ्या हिमवृष्टीचे ओझे नेमके त्यांच्यावर पडते.

आम्ही दर डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला आईवडिलांकडे जातो. त्यात स्कीइंगचे दिवस बुडतात, एवढेच आजवर वाटत असे. परंतु त्याच आठवड्यांत तो कच्चा थर घडत असतो आणि मी तो पाहायला तिथे नसतो, हे त्या खड्ड्यात बसल्यावर कळले. तेव्हापासून पुण्यात रात्रीच्या जेवणाआधी मी यूटा अॅव्हलांच सेंटरचा हिमस्खलनाविषयीचा तिथला सकाळचा अंदाज वाचतो आणि वहीत नोंदवतो. आई पोळ्या लाटता लाटता विचारते, "काय म्हणतोय आज तुझा बर्फ?"

या जानेवारीत परतल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी आणि दोन सोबती असे तिघे वासाचमधल्या बिग कॉटनवुड दरीत गेलो. धोक्याची पातळी पाचांपैकी तिसरी होती, म्हणून 30 अंशांपेक्षा कमी उताराची वाट आधीच ठरवली होती. एका सपाट मोकळ्या जागी पायाखाली धप्प असा आवाज होऊन बर्फ किंचित खचला आणि स्कीच्या टोकापासून एक चीर समोर पळत गेली. वहीतल्या नोंदींचा तो थर आता माझ्या पायाखाली होता. वरचा उतार सुंदर दिसत होता, तरी तिथूनच मागे वळण्यावर आमचे एकमत झाले.

फ्रिजवरच्या चिठ्ठीत अकरा वाजता लिहिले होते. मी साडेनऊला दारात उभा होतो. दुपारी अंगणातल्या बर्फात ट्रान्सीव्हर घातलेली पिशवी पुरली. आता नऊ वर्षांची झालेली मुलगी बाणाकडे बघत दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर जागी फावडे घेऊन बसली, आणि नंतर तिने तीच पिशवी दुसरीकडे पुरून आईला शोधायला लावली.