नवीन घर, जुना गिझर आणि आंघोळीचं टाइमटेबल

घर बघताना आम्ही काय काय नाही बघितलं. ऊन कुठून येतं, पार्किंग कव्हर्ड आहे का, ओट्यावर दोन बायका शेजारी उभ्या राहू शकतात का, सगळं झालं. पण आंघोळीचं पाणी कसं तापतं हे काही आम्ही विचारलं नाही. एजंट म्हणाला "सोलर आहे ना मॅडम" आणि आम्ही खूश.

डिसेंबरात कोथरूडच्या भाड्याच्या घरातून इकडे आलो. रिसेलचा फ्लॅट, अकरा मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये तिसरा मजला. पहिल्या दिवशी सासूबाई नेहमीप्रमाणे पाचला उठल्या, सोलरचा नळ सोडला आणि दोन बादल्या भरल्या तरी पाणी गारच. मग कळलं की सोलरचं पाणी सहा ते नऊच सोडतात, आणि पॅनेल गच्चीवर, आम्ही तिसऱ्यावर, म्हणजे रात्रभर पाइपात थांबलेलं गार पाणी आधी बाहेर काढायचं आणि मग गरम येणार. वरच्यांची मजा आहे. आता ते पहिलं पाणी आम्ही बादलीत धरतो आणि लादी पुसायला वापरतो, पण पहिल्या दिवशी सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. "आमच्या चिपळूणला बंब होता, दोन करवंट्या टाकल्या की झालं," हे त्या दिवशी तीन वेळा ऐकलं. (चुकीचं काही नव्हतं त्यात.)

बाथरूममध्ये आधीच्या मालकांचा गॅस गिझर होता. आतच, दरवाज्याच्या वर, आणि खिडकीला गार वारा येतो म्हणून अ‍ॅक्रिलिकची शीट ठोकलेली!! नवरा म्हणाला चालतोय की, राहू दे, दोन सेल टाकले की लगेच पेटतो आणि धो धो गरम पाणी. खरंय, पाणी मस्त येतं. पण बंद बाथरूममध्ये ज्योत पेटली की ऑक्सिजन कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो. गॅस लीक झाल्यावर जो वास येतो ना, तो मुद्दाम घातलेला असतो, ह्याला तसा कोणी घालत नाही. माणूस आंघोळ करता करता चक्कर येऊन पडतो आणि आतून कडी लावलेली असते. मी त्याच दिवशी प्लंबरला बोलावून तो उतरवला. गॅस गिझर लावायचाच असेल तर बाहेर ड्राय बाल्कनीत लावा आणि फक्त पाणी आत घ्या, ह्यावर मी वाद घालणार नाही.

मग राहिला इलेक्ट्रिक. इथे घरात तीन पक्ष. लेकाला शॉवर पाहिजे, नवऱ्याला तीन लिटरचा इन्स्टंट ("जागा कमी लागते"), सासूबाईंना बादली. तीन किलोवॉटचा इन्स्टंट तेरा अँपियर ओढतो, आणि आमच्या बाथरूममधला सॉकेट छोटा सहा अँपियरचा निघाला! म्हणजे वायर बदला, सोळाचा सॉकेट बसवा. इलेक्ट्रिशियनने ते केलं, पण तोपर्यंत मी पंधरा लिटरवाला, दोन किलोवॉटचा ठरवून टाकला होता, कारण डिसेंबरच्या पाण्याला तीन लिटरच्या टाकीतून शॉवर म्हणजे सुरुवातीला छान आणि नंतर कोमट. दुकानदार फाइव्ह स्टारच घ्या म्हणून मागे लागला होता. पण ते स्टार असतात टाकीतलं तापलेलं पाणी किती उष्णता धरून ठेवतं ह्याचे. दिवसभर चालू ठेवणाऱ्याला फायदा, आमच्यासारखं तापवलं-बंद केलं-आंघोळ केली करणाऱ्याला फारसा फरक पडत नाही.

आता माझा उद्योग सांगते. आमच्या मीटरवर लिहिलंय की एका युनिटला लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. मी पॅसेजमध्ये मोबाइलचा टायमर लावून उभी राहिले. गिझर बंद असताना, फ्रिज आणि एक पंखा चालू, मिनिटाला आठ. गिझर लावल्यावर ११५. शेजारच्या काकू दूध घ्यायला बाहेर आल्या, "काय गं, फ्यूज गेला का?" मी म्हटलं नाही काकू, मोजतेय. त्या काही न बोलता आत गेल्या. तर, पाणी तापून गिझर आपोआप बंद व्हायला बावीस मिनिटं लागली, म्हणजे साधारण पाऊण युनिट, आणि त्यात गार पाणी मिसळून दीड बादली होते. घरात चार माणसं, सगळ्यांनी गिझरचीच एकेक बादली घेतली तर रोजचे दोन युनिट, महिन्याला साठ. आमचं बिल अडीचशे युनिटच्या आसपास असतं, त्यात साठ घातले की तीनशेचा टप्पा ओलांडतो. तरी घाबरायचं नाही, वाढीव दर फक्त तीनशेच्या वरच्या दहा युनिटना लागतो, सगळ्या बिलाला नाही, हे मला माझ्या भावालासुद्धा कागदावर मांडून दाखवावं लागलं.

मीटर नावावर करायचं काम मात्र आधी उरका. महावितरणला (आमच्याकडे अजून एमएसईबीच म्हणतात) इंडेक्स टू (घरखरेदीच्या नोंदणीचा उतारा) लागतो. आणि घराचे पैसे देण्याआधीच शेवटचं भरलेलं बिल मागून घ्या. आम्ही मागितलं नाही आणि एका महिन्याचं जुनं बिल गपचूप भरलं.

पाइप गॅस आधीपासून होता, नावावर केला. फक्त आमची सिलिंडरवाली शेगडी तशीच लावली तर ज्योत मेणबत्तीएवढी, कारण पाइपच्या गॅसला प्रेशर कमी असतं, जेट (शेगडीत गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं) बदलावे लागतात. तोपर्यंत दोन दिवस इंडक्शनवर भात आणि बाहेरून भाजी.

आता टाइमटेबल असं आहे: सासूबाई पाचला गिझरवर, नवरा आणि मी सातला सोलरवर, आणि लेक साडेनऊला उठून "पाणी गार का आहे" म्हणून ओरडतो.