खुर्चीत खुर्ची

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात महिन्यातून एकदा व्याख्यान असतं. श्रोते वीसेक, त्यातले पंधरा पेन्शनर. कार्यक्रम संपला की खुर्च्या कोपऱ्यात रचायच्या, कारण सकाळी तिथेच योगवर्ग. प्लास्टिकच्या खुर्च्या रचल्यावर अशा गच्च बसतात की सोडवायला दोघं लागतात. एकाने खालची पायाने दाबायची, दुसऱ्याने वरची ओढायची. शिवाय गुळगुळीत फरशीवर त्यांचे मागचे पाय फाकतात. गेल्या पावसाळ्यात एक काका व्याख्यात्याच्या ऐन मुद्द्यावर अलगद जमिनीला टेकले. तेव्हा मी जाहीर केलं, एकात एक बसणारी स्वस्त लाकडी खुर्ची करू, डिझाइन माझं. कागदावर मी काहीही करू शकतो.

मिस्त्रींनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "माणूस बसेल हो साहेब. पण खुर्चीत खुर्ची कशी बसणार?"

खरंच की. पाय बैठकीखाली असले, तर वरचीचे पाय खालचीच्या बैठकीवरच येऊन उभे राहतात. म्हणून ते बाहेरच्या अंगाला घेतले, खाली जरा फाकवले. मग अडली पायांमधली आडवी पट्टी. लाकडी खुर्चीचा जीव त्या पट्टीत. ती नसेल, तर मागे रेलणाऱ्या माणसांपुढे सांधे लवकरच कुरकुरू लागतात. आणि असेल, तर खुर्ची खुर्चीत शिरत नाही.

फिनलंडचा वास्तुकार आल्व्हार आल्टो याने 1933 साली ही पट्टीच उडवून लावली. त्याच्या तीनपायी स्टुलाचा पाय म्हणजे बर्चची सरळ दांडी. तिच्या एका टोकाला करवतीने उभे काप घ्यायचे, त्यांत सरस लावलेल्या पातळ पट्ट्या सरकवायच्या आणि तेवढंच टोक काटकोनात वाकवायचं. ते बैठकीला खालून स्क्रूने आवळलं की झालं. एकावर एक ठेवताना प्रत्येक स्टूल किंचित फिरवायचं, पाय शेजारून खाली उतरतात आणि चळत गोल जिन्यासारखी वर चढते. तेव्हा फिनलंडमध्ये असलेल्या व्हीपुरी शहराच्या वाचनालयात त्याने हीच स्टुलं मांडली. वाचनालय म्हटल्यावर मला फारच आपलेपणा वाटला.

मिस्त्रींना मोबाइलवर फोटो दाखवला. "नग किती?"

"वीस."

"मग पाय वाकवायच्या साच्याचेसुद्धा पैसे निघायचे नाहीत."

तिकडे पेन्शनरांनी फोटो पाहून एकच विचारलं, "पाठ कुठाय?"

शेवटी पट्टी बैठकीला लगटून वर घेतली आणि तिची कसर भरायला पाय जाडजूड केले. साग परवडेना, म्हणून बाभूळ. बैलगाडीच्या चाकाचं लाकूड ते, ऐकणार थोडंच! नमुन्याच्या दोन खुर्च्या झाल्या. काका मागे रेलून, हलून, मुद्दाम आपटून बसले. हूं का चूं नाही. एकात एक बसतातही अगदी झोकात. फक्त वरची उचलून ठेवायला दोघं लागतात.